अचला आणि दरड : महाड-पोलादपूरच्या भूमीचा इतिहास

अमरकोशात पृथ्वीची जी नावे दिली आहेत त्यांत ‘अचला’ आणि ‘स्थिरा’ ही दोन नावे येतात. पर्वतालाही संस्कृतात ‘अचल’, ‘अग’, ‘नग’ असे म्हणतात. या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच : जो हलत नाही तो. हे शब्द पंडिती काव्यातून मराठीत आले, शालेय समानार्थी शब्दांच्या यादीत जाऊन बसले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यामागची कल्पनाही आली. गोविंदाग्रजांच्या ‘श्रीमहाराष्ट्रगीता’पासून पुढच्या कितीतरी गौरवगीतांपर्यंत सह्याद्री म्हणजे अढळपणा हे समीकरण मराठी कवितेने जणू गृहीतच धरले आहे. ऐतिहासिक कादंबरीतला सह्याद्री तर बहुधा पार्श्वभूमीचा पडदा असतो. त्याच्यापुढे माणसे येतात, लढतात, पडतात. पडदा मात्र जागचा हलत नाही.

परंपरेत याहून वेगळा असा एक प्रवाहही आहे, हे नमूद केले पाहिजे. पर्वतांना पूर्वी पंख होते आणि इंद्राने ते छाटले, ही कथा सर्वपरिचित आहे. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण निर्माण केले, ही कथा तर या प्रदेशाच्या अस्मितेचाच भाग आहे. शेषाने मान हलवली की धरणीकंप होतो, ही समजूतही जुनीच. भूमी हलते, नवी निर्माण होते, हे पूर्वजांना सुचलेच नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु पंखांची आणि परशुरामाची, या दोन्ही कथांत भूमीची हालचाल ‘तेव्हा’ घडून गेलेली असते. पंख छाटले गेले, समुद्र हटला, आणि मग पर्वत व कोकण कायमचे स्थिर झाले. कथेचे व्याकरण पूर्ण भूतकाळाचे आहे.

प्रस्तुत लेखात आम्हांला एवढेच मांडावयाचे आहे की, आपले स्थानिक इतिहासलेखनही याच पूर्ण भूतकाळात अडकून राहिले आहे. भूविज्ञान गेली साठ वर्षे सांगत आहे की ही क्रिया अपूर्ण आहे, सह्याद्री ‘घडला’ नसून ‘घडतो आहे’. काळांमधला हा फरक वाङ्मयाच्या अभ्यासकांना केवळ व्याकरणाचा वाटेल. रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मात्र त्याची किंमत माणसांनी प्राण देऊन मोजली आहे.

पोलादपूर : एका थराचे नाव

महाड आणि पोलादपूर ही नावे मराठी वाचकाला इतिहासामुळे ठाऊक आहेत. रायगड किल्ला आणि पाचाड महाड तालुक्यात. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात मानली जाते. समर्थांनी जेथे ‘दासबोध’ सांगितला असे परंपरा मानते ती शिवथरची घळ महाड तालुक्यात. आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते तळे महाड शहरात.

पोलादपूर हे नाव आणखी एका इतिहासात येते, ही गोष्ट मात्र मराठीच्या वर्गात सहसा सांगितली जात नाही. दक्खनच्या काळ्या खडकाचे थर कोणत्या क्रमाने साचले याची जी वंशावळ भूवैज्ञानिकांनी लावली आहे, तिच्यातील एका थरसमूहाचे नाव ‘पोलादपूर’ असे आहे. त्याच्यावरचा ‘आंबेनळी’ आणि त्याच्याही वरचा ‘महाबळेश्वर’. पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढत जाणारा रस्ता म्हणजे या वंशावळीची उघडी पोथीच होय. १९८०च्या दशकात भूवैज्ञानिकांनी या परिसरातील खडकांचे रासायनिक पृथक्करण करून थरांचा क्रम निश्चित केला. तेव्हापासून दक्खनच्या लाव्हावर लिहिणाऱ्या जगातल्या कोणत्याही संशोधकाला पोलादपूर हे नाव टाळता येत नाही.

हे थर साचले ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जुन्या थराचा पृष्ठभाग कुजून त्याची तांबडी माती होई, आणि पुढचा लाव्हा तिला भाजून काढी. घाटरस्त्यांच्या कापलेल्या भिंतीत काळ्या खडकांच्या मधून जाणारे तांबडे पट्टे दिसतात ते हेच. आज ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा खडक उरला आहे. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रूपामुळे स्वीडिश भाषेतील जिन्याच्या शब्दावरून त्याला ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले.

महाडजवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी याच खडकात कोरलेली आहेत. लेणी कोरणाऱ्याला कोणता थर एकसंध आहे आणि कोणता पोकळ, भेगाळ किंवा कुजका आहे, हे हाताने ओळखावे लागे. या डोंगराचे वाचन करणारे पहिले लोक बहुधा हे पाथरवटच होत.

खंडविप्लव आणि कोयना

खडक कसा झाला हे कळले, तरी त्याचा एवढा उंच उभा कडा का झाला हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर भूपट्टांच्या, म्हणजेच प्लेट टेक्टॉनिक्सच्या सिद्धान्तात आहे.

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंडे सरकतात असे प्रतिपादन केले. मराठीत त्या कल्पनेला ‘खंडविप्लव’ असे भारदस्त नाव मिळाले. वेगेनरला ही खंडे कोणत्या बळाने सरकतात हे पटण्याजोगे सांगता आले नाही आणि त्याचे म्हणणे मागे पडले. १९६० नंतर समुद्रतळाच्या अभ्यासाने चित्र पालटले. महासागरांच्या मध्यावरील डोंगररांगांपाशी नवा तळ निर्माण होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो, असे दिसून आले. पृथ्वीचे कवच काही ताठ पट्टांचे बनलेले आहे आणि ते पट्ट एकमेकांच्या संदर्भात फिरतात, हे गणिती रूपात मांडणारा डॅन मॅकेन्झी आणि रॉबर्ट पार्कर यांचा प्रसिद्ध निबंध ‘नेचर’ नियतकालिकात ३० डिसेंबर १९६७ रोजी छापून आला.

या तारखेपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. त्याच महिन्यात, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चारच्या सुमारास, पोलादपुरापासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर दूर असलेले कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले होते. भूकंपाची तीव्रता ६.३ ते ६.५ मानली जाते आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे त्यात दगावली. तोवर दक्षिण भारताचे पठार हे स्थिर, भूकंपमुक्त असे समजले जाई; ‘अचला’चेच ते वैज्ञानिक भाषांतर होते. युरोप-अमेरिकेत पृथ्वीच्या अस्थिरतेचा सिद्धान्त आकार घेत असताना सह्याद्रीच्या माथ्यावर त्या समजुतीला तडा गेला. १९६०च्या दशकाच्या आरंभी भरू लागलेल्या शिवसागर जलाशयाचे पाणी जुन्या भेगांत उतरले आणि त्यामुळे भूकंपाला चालना मिळाली, हे मत पुढे अभ्यासान्ती मान्य झाले. पण पाण्याने केवळ चालना दिली. भेगांमध्ये ताण आधीच साठलेला होता, आणि तो ताण साठण्याचे एक मोठे कारण म्हणजे भारताचा पट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाखालच्या भूमीवर रेटत आहे. याच रेट्याचा प्रत्यय पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवकरांना आला.

हे सरकणे वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटरचे आहे. हिशेब केला तर १६७४ च्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत रायगड आपल्या पायथ्यासकट ईशान्येला सुमारे १७ मीटर सरकला आहे. राजधानी म्हणून ज्या डोंगराची निवड झाली तोही ‘अचल’ नव्हता.

आता कड्याविषयी. आज भारताचा पश्चिम किनारा आहे तेथे एकेकाळी किनारा नव्हताच. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी सेशेल्सची भूमी भारतापासून तुटून वेगळी झाली, आणि त्या तुटलेल्या कडेवर अरबी समुद्र आला. सह्याद्री हा हिमालयासारखा घड्या पडून वर आलेला पर्वत नव्हे. तो पठाराचा तुटलेला, झिजत झिजत पूर्वेकडे मागे सरकलेला काठ आहे. महाडजवळ सव येथे आणि पुढे दक्षिणेस उन्हवरे, राजापूर अशा ठिकाणी किनाऱ्याला समांतर गरम पाण्याचे झरे आढळतात, तेही या तुटीच्या खोल भेगांची आठवण देणारे आहेत.

दरड : आधी जागा, मग घटना

‘दरड’ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा किंवा डोंगराचा तुटलेला, उभा काठ असा आहे. म्हणजे तो आधी जागेचा वाचक होता. आज वृत्तपत्रीय मराठीत ‘दरडग्रस्त’, ‘दरडप्रवण’, ‘दरड दुर्घटना’ अशा शब्दांत तो घटनेचा वाचक झाला आहे. आम्हांस मूळ अर्थ अधिक शहाणा वाटतो. त्या अर्थाने पाहिले तर अख्खा सह्याद्रीचा पश्चिम उतार ही एक दरड आहे. काठ मागे सरकतो तो एकेक तुकडा कोसळून सरकतो. दरड कोसळणे हा या डोंगराच्या जीवनातील अपवाद नसून तो त्याचा नित्यक्रम आहे. फक्त त्याचे दिनमान आपल्या पंचांगात मावत नाही.

या क्रियेत भूपट्टाने उतार दिला, पण ढकलण्याचे काम पाणी करते. महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पायथ्याच्या महाड-पोलादपुरातही सुमारे ३००० मिलिमीटर. कठीण कातळावर कुजलेल्या खडकाची, मुरमाची आणि तांबड्या मातीची साय असते. सलग काही दिवस पाऊस झाला की ती तुडुंब भिजते. मग एखाद्या रात्री अतिवृष्टी होते, कणाकणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, मातीची एकमेकींवरची पकड सुटते आणि संपूर्ण साय दगडधोंड्यांसह कातळावरून निसटते.

येथे एक विदारक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. डोंगराच्या कुशीत वाडी वसते ती कोठे? जेथे उतार थोडा निवळला आहे, माती खोल आहे, झऱ्याला बारमाही पाणी आहे, भाताची खाचरे काढता येतात तेथे. अशी जागा डोंगरउतारावर बहुधा पूर्वीच्या कोसळलेल्या मातीनेच तयार झालेली असते. जुन्या दरडीने वाडीला जमीन दिली, आणि नवी दरड त्याच वाटेने येते. दोहोंमध्ये कित्येक पिढ्यांचे किंवा कित्येक शतकांचे अंतर असू शकते. गावाची आठवण आजोबा-पणजोबांपर्यंत जाते. डोंगराची आवर्तने तिच्या पलीकडची असतात. ‘आमच्या गावात असे कधी झाले नाही’ हे वाक्य प्रत्येक दुर्घटनेनंतर ऐकू येते. त्यात खोटे काहीच नसते. ते माणसाच्या काळातले वाक्य असते.

दोन जुलै

२५ आणि २६ जुलै २००५ या दोन दिवसांत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. पोलादपूर तालुक्यात कोंढवी, कोतवाल या गावांनाही तडाखा बसला. एकट्या महाड तालुक्यात दीडशेहून अधिक माणसे गेली. परंतु ‘२६ जुलै’ असे म्हटले की मराठी माणसाच्या मनात आजही मुंबई येते. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस, तुंबलेल्या लोकलगाड्या, रात्रभर पायी चालत घरी पोहोचलेली माणसे. या अनुभवावर कथा लिहिल्या गेल्या, कविता झाल्या, चित्रपट निघाले. जुई आणि दासगावाला मराठी साहित्यात त्या मानाने जागा मिळाली नाही. ज्या दासगावच्या बंदरात डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. आंबेडकर मुंबईहून आगबोटीने येऊन उतरले, ते हेच दासगाव.

सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी दुपारनंतर, महाड तालुक्यातील तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळून माणसे मेली. महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेथे उगम पावणारी सावित्री तो घेऊन खाली आली आणि महाड शहर बुडाले. रस्ते पाण्याखाली आणि दरडीखाली असल्यामुळे तळियेला बचावपथके पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. पूर आणि दरड ही दोन वेगळी संकटे म्हणून नोंदवली जातात. वस्तुतः ती एकाच पावसाची आणि एकाच काठाची दोन रूपे होत : काठावरची माती खाली येते, नदीत बसते, नदी उथळ होते, आणि पुढचा पूर अधिक उंचीने शहरात शिरतो.

या दोन जुलैंच्या मध्ये आणि नंतर याच काठावर इतर नावेही जमा झाली. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण, जेथे दीडशेच्या वर माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातीलच खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी. माळीण महादेव कोळ्यांचे गाव, इरशाळवाडी ठाकरांची वाडी. उताराखाली कोण राहतो हा प्रश्न भूविज्ञानाचा नाही, तो समाजाच्या उतरंडीचा आहे. सपाटीची जमीन, रस्त्याकडेची जमीन ज्यांच्या वाट्याला आली नाही, ते वर राहिले.

अस्मानी की सुलतानी?

जुन्या मराठीने संकटांची ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ अशी वाटणी केली आहे. आभाळातून आलेले ते अस्मानी, राज्यकर्त्यांकडून आलेले ते सुलतानी. दरडीच्या बातमीत नेहमी पहिला शब्द येतो, किंवा त्याचे आधुनिक रूप, ‘निसर्गाचा कोप’, ‘काळाचा घाला’. हे शब्द शोक व्यक्त करण्यास योग्य असतील; कारण समजावून घेण्यास ते निरुपयोगी आहेत. कोप हा अकस्मात येतो, त्याला इतिहास नसतो. दरडीला ६ कोटी वर्षांचा इतिहास आहे.

आणि सुलतानीचा भागही आहे. २००५ नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या भागाची पाहणी केली, धोक्याच्या गावांच्या याद्या झाल्या. पुढे २०१४ पासून देशभर दरडींच्या शक्यतेचे नकाशे १ : ५०,००० या प्रमाणावर करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. हे काम मोलाचे आहे. पण त्याचे प्रमाण लक्षात घ्या. या नकाशावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. शंभर मीटरांत वसलेली वाडी त्यावर २ मिलिमीटरांची होते. इरशाळवाडीच्या घटनेनंतर ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. महसुली गाव यादीत असते. वाडी, पाडा, कोंड यांना तेथे स्वतंत्र अस्तित्व असतेच असे नाही. प्रशासनाच्या भाषेत ज्याला नाव नाही, त्याला इशारा देता येत नाही.

दुसरी बाजू रस्त्यांची, खाणींची आणि उताराच्या पायथ्याला दिलेल्या कापांची आहे. उभ्या उताराचा पाया कापला की वरच्या सायीचा आधार जातो. वृक्षतोडीने मुळांची वीण जाते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन यांच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिले. त्यानंतर २०१४ ते २०२४ या काळात संवेदनशील क्षेत्राच्या सहा मसुदा-अधिसूचना निघाल्या. सहावी निघाली तेव्हा केरळमधील वायनाडच्या दरडीला अवघा एक दिवस झाला होता. डोंगराचा काळ आणि माणसाचा काळ यांखेरीज हा तिसरा काळ, मसुद्याचा.

वर्गातले काम

आम्ही मराठीचे अध्यापक आहोत. नकाशे करणे हे आमचे काम नाही. तथापि भूतकाळाचे व्याकरण बदलणे हे काम आमच्याखेरीज दुसरे कोणी करील असेही वाटत नाही. स्थानिक इतिहासाची पुस्तके, तालुक्यांचे परिचय, स्मरणिका यांत भूगोलाचे एक आरंभीचे प्रकरण असते. डोंगर, नद्या, पर्जन्यमान सांगून ते संपते आणि मग ‘खरा’ इतिहास सुरू होतो. पहिल्या प्रकरणातला डोंगर पुढे पुन्हा पात्र म्हणून येत नाही. जुई, दासगाव, तळिये यांनी तो आला आहे हे दाखवले. २५ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या तारखा महाडच्या इतिहासात २० मार्च १९२७ इतक्याच अधिकाराने नोंदल्या गेल्या पाहिजेत, त्या परिशिष्टात ढकलता कामा नयेत.

एक ठोस सूचना करावीशी वाटते. या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांत येणारे बरेच विद्यार्थी वाड्यांतून येतात. पदव्युत्तर वर्गांत लोकसाहित्याचे संकलन करवून घेतले जाते. ओव्या, म्हणी, आख्यायिका जमवल्या जातात. त्याच वहीत जागांची नावे जमवता येतील : ज्या नावांत घळ, कोंड, दरा, खडप, पडकई असे शब्द आहेत अशा शेतांची, ओहोळांची, उतारांची नावे. पूर्वी कोठे भेग पडली होती, कोणता झरा एका पावसाळ्यात आटला किंवा गढूळ झाला, कोणते झाड वाकले, कोणते घर का सोडले, या आठवणी वृद्धांकडून लिहून घेता येतील. उतारावर नवी भेग पडणे, झाडे-खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही दरड हलू लागल्याची लक्षणे आहेत आणि ती वाडीतल्या माणसालाच आधी दिसतात. ती ‘लक्षणे’ आहेत हे त्याला ठाऊक असले पाहिजे, आणि त्याने सांगितले तर ऐकणारा कोणी असला पाहिजे. मोठ्या नकाशात जी वाडी २ मिलिमीटरांची होते, तिचा तपशील अशा वह्यांतून भरून निघू शकेल.

तळियेच्या पुनर्वसनाची जबाबदारी म्हाडाने घेतली. माळीणची नवी वसाहत उभी राहिली. घरे पुन्हा बांधता येतात, हे यावरून दिसते. परंतु ज्या वाड्यांवर अद्याप डोंगर आलेला नाही, त्यांचा इतिहास लिहिण्याची वेळ पाऊस पडण्याच्या आधीची आहे. अमरकोशातले ‘अचला’ हे नाव विद्यार्थ्यांना आम्ही पुढेही शिकवू. पण ते शिकवताना पोलादपूर हे एका खडकाचेही नाव आहे, तो खडक वर्षाला ५ सेंटीमीटर सरकतो आहे आणि त्याचा काठ दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली येतो आहे, हेही त्याच तासाला सांगावे लागेल.